कोर्ट अर्धं उठलं

कोर्टाच्या आवारात अजूनही एक बोलायची पद्धत आहे. एखाद्याचं काम होता होता राहिलं, की चहावाल्यापासून शिरस्तेदारापर्यंत सगळे म्हणतात, "त्याचं कोर्ट अर्धं उठलं." नवे वकील कळल्यासारखी मान हलवतात आणि पुढं सटकतात, विचारायची लाज वाटते. विचारलंच कुणी, तर जुनी मंडळी आधी खुर्ची ओढून घेतात. कारण गोष्ट लालशाईबाईंची आहे, आणि लालशाईबाईंबद्दल बोलताना कुणालाच घाई नसते.

हे नाव त्यांच्या तोंडावर कुणी घेत नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे. चूक दिसली की बाईंचा हात लाल पेनासाठी शिवशिवतो. वाचनालयाची सूचना असो, दवाखान्याची पाटी असो, त्यांच्यापासून सुटका नाही. ज्या चष्म्याच्या दुकानावरच्या माडीत त्यांचा वर्ग भरतो, त्या दुकानदाराला त्यांनी अख्खी पाटी पुन्हा रंगवायला लावली होती. "अहो, नजर तपासणारा माणूस, आणि स्वतःची पाटी दिसत नाही?" असं वर ऐकवलं. लग्न का झालं नाही, याबद्दलही एक बातमी आहे. म्हणे एका स्थळाकडून पत्र आलं, ते बाईंनी तपासून, खुणा करून परत पाठवलं. खरंखोटं कुणी पाहिलंय? पण पत्रात चुका होत्या, एवढं मात्र सगळे सांगतात.

सवय लहानपणची. वडील कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून अर्ज टाइप करायचे. पोर शाळा सुटली की टेबलाखाली बसून कार्बनच्या प्रती वेगळ्या करायची आणि वाचायची. कुणाची भिंत कुणी पाडली, कोण कुणाला नांदवत नाही, कुणाचा मुलगा आत आहे, हे सगळं तिला गोष्टींच्या पुस्तकांआधी वाचायला मिळालं. पुढं ती वकील झाली, शिष्यवृत्तीवर परदेशात पदव्युत्तर शिकायला गेली, आणि तिथंच राहील अशी सगळ्यांची खात्री असताना दोन ट्रंका पुस्तकं घेऊन परत आली. त्या परदेशी विद्यापीठाच्या जोडीनं तिनं संध्याकाळचा अभ्यासक्रम काढला. नाव ऐकूनच धाप लागावी: 'कायद्याचे राज्य आणि आंतरराष्ट्रीय विकास'. देशोदेशीचा पैसा गरीब मुलखात रस्ते, धरणं, शाळा बांधतो. पण जिथं न्याय विकत मिळतो तिथं तो रस्ता नेमका कुणाच्या दारात जाऊन संपतो, हे त्यात शिकायचं. विद्यार्थी कोण? दिवसा ज्यांच्यापुढं गावानं उभं राहायचं, ते. एक पोलीस अधिकारी, पालिकेचे कायदा अधिकारी, परदेशी मदत वाटणाऱ्या कार्यालयातली एक जाड चष्म्याची बाई, आणि खुद्द न्यायाधीशसाहेब.

साहेब वर्गातले सगळ्यात गुणी. कोर्टात त्यांना बघून लोक हात जोडून उभे राहायचे, आणि इथं बाई दारात दिसल्या की सगळ्यात आधी हेच उठायचे. आधी ते एकटेच उठत, मग वर्गाला लाज वाटून सगळे उठायला लागले. बाई म्हणायच्या, "बसा हो, शाळा आहे का ही?" साहेब म्हणायचे, "मॅडम, पायांना कळत नाही ना." प्रबंधाचा विषयही त्यांनी स्वतः निवडलेला: न्यायाधीशाने प्रकरणातून बाजूला कधी व्हावे. बाईंनी तो तपासून समासात बारीक अक्षरात एकच शेरा पुन्हा पुन्हा दिला होता, 'उदाहरण हवे.'

उदाहरण कुठून येणार आहे हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

बाईंचा धाकटा भाऊ पाणीपुरवठ्याच्या गोदामावर होता. परदेशी मदतीतून घेतलेले मोठे पाइप त्या गोदामात यायचे आणि तिथून गावोगाव जायचे. एका सकाळी मोजदाद झाली आणि पाइप कमी भरले. किल्ली भावाकडं, म्हणून भाऊ पोलिसांकडं. त्यानं घेतले की त्याच्या नाकाखालून कुणी नेले, हे आजतागायत त्या पाइपांनाच ठाऊक. पण पैसा बाहेरचा होता, त्यामुळं कुणीतरी आत असायला हवं होतं. भावाला दम्याचा त्रास. कोठडीत ओल, वारा नाही. भेटीला गेलं की जाळीमागून आधी त्याचा श्वास ऐकू यायचा, मग तो दिसायचा.

जामिनाचा अर्ज गेला, आणि गेला तो नेमका साहेबांच्या कोर्टात.

बहीणभावांचं आडनाव त्या भागात इतकं पसरलेलं, की बेलिफानं पुकारलं तर दोघंचौघं तरी वळून बघणारच. साहेबांच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. भावाच्या वकिलांना मात्र माहीत होतं. या वकिलांचं नाव कुजबुजे, कारण ते 'आज गरम आहे' हेसुद्धा कानात येऊन सांगत. त्यांनी बाईंना जिन्यात गाठलं.

"ताई, एक शब्द कुठं बोलू नका," ते कानाशी आले. "तुम्ही बहीण आहात हे कळलं तर साहेब प्रकरण सोडतील. मग ते जाईल शेजारच्या कोर्टात. शेजारी कोण बसतंय माहितेय ना?"

शेजारी नकारबाई बसत. त्याही न्यायाधीश, त्यांच्या पुढ्यात जामीन मागणं म्हणजे भिंतीकडं उसनी साखर मागणं, असं वकील म्हणत.

"पण हे सांगायलाच हवं," बाई म्हणाल्या.

"सांगा की. भावाला बाहेर येऊ द्या, मग सावकाश सांगा."

घरी आईचं वेगळंच. "तो तुझाच विद्यार्थी ना? मग एवढं सांगता येत नाही, की बाबा रे, माझा भाऊ आहे, सोड?"

"आई, तेच तर सांगायचं नसतं. मी तेच शिकवते."

"सांगायचं नाही हे शिकवतेस. आणि तो वकील म्हणतो गप्प बस. मग दोघांचं एकच झालं की."

आईला कायदा येत नव्हता, पण बोट बरोबर ठेवलं होतं तिनं. वशिला लावायचा नाही म्हणून गप्प राहणं वेगळं, आणि नातं लपवायचं म्हणून गप्प राहणं वेगळं. बाई कुठल्या कारणानं गप्प होत्या? त्या दिवसापासून वर्गात फळ्याकडं तोंड करून बोलायची वेळ वाढली. साहेब प्रश्न विचारायचे आणि बाईंना त्यांच्या तोंडाकडं बघवायचं नाही. एकदा तर जाड चष्म्याच्या बाईनं विचारलंच, "मॅडम, न्यायाधीशाला नातं माहीतच नसेल तर त्यानं दिलेला निकाल वाईट कसा?"

"माहीत कुणाला आहे, ते बघायचं," बाई म्हणाल्या, आणि खडू मोडला. "ज्याला माहीत आहे त्यानं बोलायचं. पहिल्या दिवशी."

हे बोलून त्या घरी गेल्या आणि जेवल्या नाहीत. तरी बोलल्याही नाहीत. सुनावणीच्या तारखा पडत गेल्या, आणि कोर्टाची उन्हाळी सुट्टी तोंडावर आली.

सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी अर्ज निकालाला होता. आज झालं तर झालं, नाहीतर भाऊ अख्खा उन्हाळा त्या ओलीत. बाईंनी ठरवलं होतं की कोर्टात पाऊल टाकायचं नाही. पण आईला ऐकू कमी येतं, आणि आई घरी बसायला तयार नाही. "मला काय झालं ते कोण सांगणार? बेलिफ?" शेवटी असं ठरलं, की आई आत बसेल, बाई बाहेर व्हरांड्यात थांबतील आणि दाराच्या फटीतून कान देतील. कायद्याचं राज्य शिकवणारी बाई दाराच्या फटीला कान लावून उभी! कुणी नीट पाहिलं असतं तर महिनाभराच्या गप्पांची सोय झाली असती. तसं पाहिलं अनेकांनी, पण तेव्हा सगळ्यांनाच आपापली चिंता होती.

आत गर्दी. सुट्टीआधी सगळ्यांनाच काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं. पंखा फिरतोय, वारा मात्र वरच्या वर. सरकारी वकील उभे होते. त्यांना टाचणी म्हणत, कारण कुठंही टोचायचे आणि मग बारीक हसायचे. त्यांचं बोलून झालं. कुजबुजे वकील त्या दिवशी चक्क मोठ्यानं बोलले. साहेबांनी चष्मा पुसला आणि लघुलेखिकेला आदेश सांगायला सुरुवात केली. बाईंना फटीतून एकेक शब्द येत होता. आरोपीचा पूर्वीचा गुन्हा नाही. तपास बराचसा झालेला आहे. आरोपी पळून जाईल असं दिसत नाही. बाईंनी असे आदेश आयुष्यभर वाचले होते. गाडी कुठल्या स्टेशनात शिरते आहे हे त्यांना पहिल्या डब्यावरूनच कळलं. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं.

"तेव्हा, सबब, आरोपीस..." साहेब म्हणाले, आणि तेवढ्यात पिंजऱ्यात भावाला खोकला लागला.

साधा खोकला नव्हता तो. आत ओढला आणि बाहेर येईना. शिपाई पाणी शोधायला लागला. आई मागच्या बाकावरून उठून काहीतरी बोलली, तिला कुणी बसवलं. बाईंच्या पर्समध्ये त्याचा दम्याचा फवारा होता. किती पावलं टाकली ते त्यांना कळलं नाही, दार ढकललं हे त्यांना नंतर लोकांनीच सांगितलं. त्या मधल्या वाटेनं आल्या, फवारा शिपायाच्या हातात दिला, आणि मग त्यांनी समोर पाहिलं.

साहेबांनीही पाहिलं. मॅडम दारातून आत आल्या होत्या. पायांना कळत नाही ना! साहेब खुर्चीतून उठले. पुरते नाही. गुडघे सरळ व्हायच्या आत त्यांना आपण कुठं आहोत ते आठवलं असावं, आणि ते तसेच राहिले, ना खाली ना वर, हात टेबलावर टेकलेले.

आता कोर्टाची रीत अशी, की साहेब उठले म्हणजे कोर्ट उठलं. त्यामुळं सगळी खोली ताडकन उभी राहिली. वकील उठले, पक्षकार उठले, लघुलेखिका पेन्सिल धरून उठली. बेलिफानं साहेबांसाठी आतल्या खोलीचं दार उघडून धरलं. एकानं तर फाइल बगलेत मारून टोपी घातली. आणि साहेब अजून अर्धेच.

"बसा," साहेब म्हणाले, आणि स्वतः बसले. कान लाल झाले होते. "बसा, बसा सगळे."

लोक बसले. भावाचा श्वास मोकळा झाला. पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण टाचणी उभेच होते.

"साहेब, कोर्ट उठलं का, तेवढं कळावं," ते अदबीनं म्हणाले. "नाहीतर आपण कुणासाठी उठलात ते तरी."

त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. नुसतं टोचायचं म्हणून टोचलं होतं. साहेबांनाही माहीत नव्हतं, की ही बाई आरोपीची कोण. त्यांना एवढीच लाज वाटत होती, की भरल्या कोर्टात आपण शाळकरी पोरासारखे उठलो. त्यांनी कमरेवर हात ठेवला.

"कंबर," ते म्हणाले. "कंबर धरते अधूनमधून. हं, लिहा पुढं. सबब, आरोपीस..."

कुजबुजे वकिलांनी डोळे मिटले, देवाचे आभार मानत असावेत. आईनं पदर तोंडाला लावला. बाईंनी मुकाट्यानं वळायचं होतं आणि मधल्या वाटेनं बाहेर जायचं होतं. बस. एक वाक्य पुरं होईपर्यंत. कुणालाही कधीही कळलं नसतं. भावानं पिंजऱ्यातून बहिणीकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा त्याला चांगलाच ओळखीचा होता. लहानपणी तो पाढा चुकला की हाच चेहरा दिसायचा. त्यानं हळूच मान हलवली. नको.

"कंबर नाही, साहेब," बाई म्हणाल्या.

लघुलेखिकेची पेन्सिल थांबली.

"आपण माझ्यासाठी उठलात. आपण माझ्या वर्गात शिकता, तिथली सवय आहे." त्यांनी पिंजऱ्याकडं हात केला. "आणि मी आरोपीची बहीण आहे. हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

साहेबांनी बाईंकडं पाहिलं, मग पिंजऱ्याकडं, मग पुन्हा बाईंकडं. दोघांचं नाक एकसारखं आहे, हे त्यांना तेव्हा दिसलं असेल. टाचणी पहिल्यांदाच न टोचता खाली बसले.

"आपण बसा, मॅडम," साहेब म्हणाले. कोर्टात 'मॅडम' म्हणायला नको होतं, पण आता लपवायला उरलंच काय होतं? ते लघुलेखिकेकडं वळले. "सबबपासून खोडा. असं लिहा, की हे प्रकरण माझ्यापुढं चालू नये. शेजारच्या न्यायालयाकडं वर्ग करावं."

असं ते प्रकरण वर्ग झालं, आणि झालं तेही वर्गामुळंच.

कुजबुजे वकील धावत शेजारच्या कोर्टात गेले. कुलूप. नकारबाईंनी आपलं काम सकाळीच उरकलं होतं आणि त्या सुट्टीवर निघाल्या होत्या. सुट्टीत तातडीची कामं बघायला एक साहेब नेमलेले असतात, हे वकिलांना आठवलं, आणि त्या वर्षी कोण नेमलंय ते विचारायला ते कचेरीत गेले. शिरस्तेदारानं मान वर न करता उत्तर दिलं. तेच साहेब. जे आत्ता बाजूला झाले, तेच.

पोलिसांची गाडी भावाला घेऊन गेली. आई फाटकापाशी थांबली, जिथं एके काळी टाइपरायटरचं टेबल असायचं.

"तुझ्या बापानं तुला वाचायला शिकवलं," ती म्हणाली. "गप्प बसायला शिकवायचं राहिलं."

"गप्प बसले म्हणूनच हे झालं, आई."

"मग आजच तोंड उघडायचं होतं?"

आई उत्तरासाठी थांबली नाही, वळून चालायला लागली. त्या दिवसापासून तिनं बोलणं टाकलं. अगदीच अडलं तर भिंतीशी बोलायची. "भिंती, तिला सांग, भात झालाय." बाई भिंतीला सांगायच्या, "आलेच म्हणावं."

त्याच संध्याकाळी सुट्टीआधीचा शेवटचा वर्ग होता. बातमी बाईंच्या आधी जिना चढून गेली होती. पोलीस अधिकारी खिडकीतून खाली बघत होते, जाड चष्म्याच्या बाई चष्मा पुसत होत्या, आणि साहेब जिन्याच्या तोंडाशी बाहेरच उभे.

"मी आत यावं का?" त्यांनी विचारलं.

"आपण यावं. बाहेर थांबायला हवं होतं ते मी, आधीच," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्या दिवशी फळा वापरला नाही. टेबलाशी उभ्या राहून सगळं सांगितलं, जिन्यातल्या कुजबुजीपासून. साहेबांचा प्रबंध आता आपण तपासणार नाही, तो परदेशी परीक्षकांकडं जाईल, हेही सांगितलं. मग साहेबांनी वर्गात करतात तसा हात वर केला.

"मॅडम, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?"

"तर ते तेव्हाच शेजारी गेलं असतं," बाई म्हणाल्या. "आणि सुट्टीच्या आत केव्हाच निकाल लागला असता. इकडं नाहीतर तिकडं."

"शेजारी मिळाला असता? जामीन?"

"ते मला माहीत नव्हतं. म्हणून तर घाबरले."

साहेबांनी वही उघडली, पेन काढलं, आणि जरा अडखळले. "मॅडम, तो शेरा होता ना, उदाहरण हवे. हे घालू का?"

पोलीस अधिकाऱ्यांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकून झाकलं. बाईंच्या ओठांचं काही निश्चित होईना. "घाला," त्या म्हणाल्या. "पण नीट लिहा. काय लपवलं, कुणी लपवलं, सगळं. कंबरसुद्धा."

उन्हाळा लांबला. बाई भेटीच्या प्रत्येक वारी फवारा घेऊन जाळीपुढं उभ्या राहत. भाऊ खंगत चालला होता, पण जीभ शाबूत होती. "ताई, कंबर म्हणू दिलं असतंस तर काय बिघडलं असतं? माणसाला कंबर नसते का?" एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मग एकदा नुसता श्वास घेत बसला, आणि निघताना म्हणाला, "तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक होतं. उगाच मान हलवून बघितली." त्या दिवशी बाई घरी चालत आल्या. भिंतीला काही सांगितलं नाही.

सुट्टी संपली. पहिल्याच आठवड्यात नकारबाईंनी कागद वाचले, टाचणींना दोन प्रश्न विचारले, आणि कुजबुजे वकील तोंड उघडायच्या आत जामीन देऊन टाकला. शेजारच्या भिंतीनं उसनी साखर दिली! सगळं आवार दोन दिवस त्यावरच बोलत होतं. टाचणी वरच्या कोर्टात जायला निघाले होते. पण निकालात टोचायला जागाच नव्हती. बहीण विद्यार्थ्याकडून भाऊ सोडवते, असं आता कोण म्हणणार? खटला मात्र चालू आहे. तारखा पडतात. पाइप सापडलेले नाहीत.

साहेबांचा प्रबंध पास झाला, जेमतेम. परदेशी परीक्षकांनी शेवटी शेरा मारला होता: 'उदाहरण ओढूनताणून रचलेले वाटते.' तो शेरा साहेब अजून जेवणावळीत सांगतात.

आणि भाऊ सुटला त्या संध्याकाळची गोष्ट. घरी गेला तर दाराला कुलूप; आई देवळात, किल्ली बाईंकडं. तो चष्म्याच्या दुकानावरची माडी चढून गेला. वर वर्ग चालू होता. बाई खुर्चीत बसून कुणाचं तरी लिखाण वाचत होत्या, हातात लाल पेन. जिन्यात श्वास ऐकू आला. बाईंनी मान वर केली, दारात तो उभा, अंगावर सैल झालेला शर्ट. बाई उठल्या. पुरत्या उठल्या. आणि बाई उठल्या म्हटल्यावर अख्खा वर्ग ताडकन उठला, पोलीस अधिकारी, चष्म्याच्या बाई, आणि सगळ्यांच्या पुढं न्यायाधीशसाहेब.

भाऊ दाराला टेकून श्वास घेत राहिला. मग त्यानं हात हलवला.

"बसा, बसा," तो म्हणाला. "या सवयीपायी माझा उन्हाळा गेलाय. ताई, किल्ली दे."